पुढचा प्रश्न

मॅडमना सगळ्यात जास्त राग यायचा तो 'समजलं' ह्या शब्दाचा. शिकायला आलेल्या कुणी समोरच्याचं थोडंसं ऐकून मान डोलावली आणि 'समजलं' म्हटलं, की मॅडम चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "इतक्यात?" त्या 'इतक्यात'ला उत्तर नसायचं. दोन-तीनदा हा टोला खाल्ला की माणूस आपोआप गप्प बसून ऐकायला शिकायचा. मीही तशीच शिकले.

आमचं केंद्र सांगलीत, एका जुन्या इमारतीच्या मागच्या दोन खोल्यांत. बाहेर पाटी 'समुपदेशन केंद्र' अशी. पण तो शब्द कुणाच्या तोंडात बसत नसे. आसपासचे लोक आम्हाला 'बोलायचा दवाखाना' म्हणायचे. मॅडमना हे नाव इतकं आवडलं की त्यांनी पाटी बदलायचा अर्ज केला. विश्वस्तांनी तो अर्थातच नाकारला. तेव्हापासून मॅडम फोन उचलला की मुद्दाम खणखणीत आवाजात म्हणायच्या, "बोला, बोलायचा दवाखाना." विश्वस्तांचा फोन असला तरी हेच.

मॅडम दिसायला बारीक, चणीनं लहान. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि स्कूटर. डोक्यावरचं हेल्मेट काढायचं त्यांना भान नसे. एकदा मिरजेकडचा एक शेतकरी अर्धा तास हेल्मेटवाल्या बाईपुढं मन मोकळं करून गेला. जाताना मला हळूच म्हणाला, "ताई, ते डोक्यावरचं यंत्र काय दाखवतंय?" मॅडमना सांगितलं तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मात्र हेल्मेट दाराच्या बाहेरच खिळ्याला टांगलेलं होतं.

खोलीत बसायला खुर्ची होती, लाकडी बाकडं होतं, चटई होती आणि कोपऱ्यात एक घोंगडं घातलेलं असायचं. आलेल्यानं कुठं बसायचं ते त्यानं ठरवावं. तो जिथं बसेल तिथं, त्याच्याच उंचीला मॅडम बसायच्या. गुडघे गेलेले होते, तरी चटईवर बसणाऱ्यापुढं त्या "आई गं, आई गं" करत खाली बसत आणि उठताना मला हात द्यावा लागे. माठाच्या वरच्या नळाला एक पांढरं फडकं बांधलेलं असायचं. सांगलीच्या आसपास जैन घरं खूप. गाळलेल्या पाण्याशिवाय त्यांच्यातली जुनी माणसं घोट घेत नाहीत. ते फडकं मॅडम स्वतः धुवायच्या, स्वतः बांधायच्या, आणि त्याबद्दल कुणी कौतुकानं बोललं तर चिडायच्या. "तहान लागलेल्याला पाणी द्यायचं, त्यात कौतुक कसलं?"

त्यांची स्वतःची बोली मात्र शुद्ध, वाईच्या घाटावरची. इकडची 'हाय-न्हाई' त्यांनी कधी बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. पुण्याहून शिकायला आलेला एक उमेदवार पहिल्याच दिवशी एका आजींना "काय हुतंय म्हनायचं आज्जे?" असं म्हणाला. मॅडमनी त्याला चहा आणायला पाठवलं आणि आजींची माफी मागितली. नंतर त्याला म्हणाल्या, "त्यांची भाषा पूर्ण समजून घे. नक्कल मात्र करू नकोस. आपल्या बोलण्याला लोक हसतात, हे त्यांनी आयुष्यभर बघितलंय." मी आटपाडीची, ती बोली माझी घरचीच. मला त्यांनी कधी अडवलं नाही.

शिकवायची त्यांची मुख्य पद्धत म्हणजे जेवायला पाठवणं. एखाद्या समाजातली माणसं आमच्याकडं येऊ लागली, की मॅडम कुणाच्या तरी ओळखीनं आम्हाला त्यांच्या घरी धाडायच्या. "जेवून ये. पुस्तक नंतर वाच." परत आलं की चौकशी. पहिलं कोण जेवलं? वाढत कोण होतं? घरातल्या सुनेचं नाव ऐकू आलं का? स्वतःही तेच करायच्या. आमच्या गावच्या जत्रेला आल्या तेव्हा सगळी पंगत मटणावर तुटून पडलेली, आणि ह्या मधोमध मांडी घालून भाकरी आणि ठेचा खात बसलेल्या. माझ्या चुलत्याला वाईट वाटलं. "मॅडम, तुमच्यासाठी येगळं बसवू का?" तर म्हणाल्या, "नको हो. वेगळं बसले तर मला काय कळणार?" ठेच्यानं नाक वाहत होतं, पण पंगत उठेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

आणि कायम एकच प्रश्न. "तुमच्यात कसं असतं?"

आता हा प्रश्न आपल्याकडं सहसा कसा विचारला जातो, हे मी सांगायला नको. आडून जात काढायची असली की माणसं असंच विचारतात. मॅडम मात्र समोरासमोर, सरळ विचारायच्या, आणि उत्तर ऐकताना एखादी मुलगी गणित शिकते तशा तोंडाकडं बघत राहायच्या. लोकांना आधी बिचकायला व्हायचं, मग ते खुलायचे. कुणी तेच उलट विचारलं, "आनि मॅडम, तुमच्यात?" तर मॅडम म्हणायच्या, "आधी तुमचं." त्यांचं आम्हाला कधीच कळलं नाही. वाईला एक थोरली बहीण आहे, दोघी अविवाहित, एवढंच माहीत. शनिवारी दुपारी त्या वाईच्या गाडीला बसायच्या आणि सोमवारी सकाळी हजर व्हायच्या.

साताऱ्याकडच्या एका गावातले एक सुभेदार निवृत्त होऊन आले होते. मुलीनं बळेच आणलं; रात्रीचे ओरडत उठायचे. खुर्चीत ताठ, हात गुडघ्यांवर. कशालाही एकच उत्तर, "सब ठीक है." शेवटी म्हणाले, "मॅडम, आमच्यात रडत न्हाईत."

मॅडमनी विचारलं, "आमच्यात म्हणजे? पलटणीत की गावात?"

"पलटणीत रडत्यात की. गडी गेला तर समदीच रडत्यात."

"मग गावात नाही?"

"गावात? गावात तर लय."

"मग घरात नाही का?"

सुभेदारांचे गुडघ्यांवरचे हात खाली आले. मग म्हणाले, "घरात मीच रडत न्हाई."

त्या दिवशी ते रडले की नाही, हे मी सांगणार नाही. पण पुढच्या वेळी ते मुलीशिवाय, आपल्या पायानं आले.

एकदा पुण्यात आमच्यासारख्यांचं प्रशिक्षण होतं. पडद्यावर एकेका समाजाचं नाव यायचं आणि खाली त्यांच्याशी कसं वागावं ह्याचे मुद्दे. सैनिक कुटुंबं, जैन समाज, ग्रामीण स्त्रिया. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी उद्या तुमच्याकडं आले तर माझ्यासाठी ह्यातला कुठला कागद काढाल?" सगळे हसले, पण परतीच्या गाडीत त्या खट्टूच होत्या. म्हणाल्या, "मुद्दे चुकीचे नव्हते गं. मुद्दे वाचून माणूस थांबतो, ही अडचण आहे." पुढं वर्षभरात हे वाक्य त्यांच्याच अंगावर आलं. हे सगळं लिहायला बसले ती त्याच्यासाठी. मॅडमना घाबरलेलं मी एकदाच पाहिलं, आणि ते एका मुलीच्या पारण्याच्या दिवशी.

माधवनगरच्या पुढं एक जैन शेतकरी घर. ऊस, म्हशी, मोठं कुटुंब, खाऊनपिऊन सुखी. घरातल्या सुनेला तिचा नवरा आमच्याकडं घेऊन आला. आषाढात सातव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं होतं. "ती बोलत न्हाई," एवढीच त्याची तक्रार. "घरातलं समदं करतीया, पण बोलत न्हाई." पंचविशीची पोर, डोक्यावर पदर. चटईवर बसली. मॅडम "आई गं" करत समोर बसल्या.

दोन-तीन भेटींत ती थोडं बोलू लागली. बोलायची ते उपवासाचं. आधी एकासन, म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवण. मग एक दिवस आड नुसतं पाणी. भाद्रपदात जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व आलं तेव्हा तिनं सगळे दिवस केवळ पाण्यावर काढायचं ठरवलं. मॅडमनी विचारलं, "तुमच्यात असं करतात?" ती म्हणाली, "करत्यात की मॅडम. आमच्यात असतंय." खरंच असतं. त्याच गल्लीत त्याच पर्वात आणखी काही बायका उपवासाला बसल्या होत्या.

मॅडमचं ह्या बाबतीत एक जुनं भांडण होतं. मागं एका तरुण डॉक्टरानं उपवास करणाऱ्या एका म्हाताऱ्याला मनोरुग्ण ठरवलं होतं, तेव्हा मॅडमनी त्याला भर दवाखान्यात सुनावलं होतं. आपल्याला न कळणाऱ्या श्रद्धेला आजार म्हणायचं नाही, हा त्यांचा दंडक. त्यामुळं ह्या मुलीचा उपवास त्यांनी मानानं बाजूला ठेवला आणि बाकीचं बोलत राहिल्या.

मला काही ते पटत नव्हतं. मी म्हटलं, "मॅडम, तिच्या बांगड्या बघितल्या का? हात वर केला की कोपरापर्यंत सरकतात."

"तुझ्या आटपाडीत उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी," मॅडम म्हणाल्या. "तिच्या घरात वेगळा असतो. आपल्या मापानं मोजू नकोस."

"पण ती..."

"मला समजलंय ते."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. 'इतक्यात?' म्हणायचं धाडस मला झालं नाही, पण त्यांनी स्वतःच ऐकल्यासारखं केलं आणि चिडून उठल्या.

पर्व संपलं. पारण्याचं, म्हणजे उपवास सोडायचं आमंत्रण आलं. असल्या मोठ्या उपवासाचं पारणं म्हणजे घरचा सण. मॅडम चांगली इरकली साडी नेसल्या, आणि हेल्मेटसकट आम्ही दोघी स्कूटरवरून गेलो. दारात रांगोळी, सोप्यात पाहुणे. मधोमध पाटावर ती. पदराखालचा चेहरा इतका लहान झाला होता की मला पहिल्यांदा ओळखूच आली नाही. पद्धत अशी की घरची, भावकीतली माणसं एकेक करून उपवास करणाऱ्याला घोटभर काहीतरी पाजतात. सासूबाई, सगळे त्यांना आक्का म्हणत, मुगाच्या कढणाची वाटी घेऊन पुढं झाल्या.

सुनेनं तोंड बाजूला केलं. "आक्का, मी उपास आनि पुढं धरनार हाय."

सोप्यात कौतुकाची एकच लाट उसळली. कुणी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, "पुण्यवान हाय पोरगी." नवरा अभिमान आणि काळजी ह्यांच्या मधोमध कुठंतरी उभा होता. आक्का वाटी धरून तशाच.

मॅडम माझ्या शेजारून उठल्या. गर्दीतून वाट काढत आक्कांपाशी गेल्या आणि हळू विचारलं, "आक्का, हा पुढचा नियम तिनं कुणापाशी घेतला?"

"नियम?" आक्कांनी सुनेकडं बघितलं. "कुनापाशी न्हाई. मनानं धरलाय म्हनली."

"तुमच्यात मनानं धरतात?"

आक्कांनी परत सुनेकडं बघितलं. वाटीतलं कढण थोडं हिंदकळलं. "न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्यात मुनीमहाराजांच्या म्होरं घेत्यात. न्हाईतर बस्तीत, देवाच्या म्होरं. आनि सोडायचा कवा, ते घेतानाच ठरतंय. सोडायचा दिवस नसलेला उपास..." त्या थांबल्या. "असं नसतंय मॅडम."

"मी चुकले," मॅडम म्हणाल्या.

तसं त्या नेहमीच म्हणायच्या. भेटीला आलेल्या माणसापुढं, शिकाऊ पोरांपुढं, विश्वस्तांपुढंसुद्धा. "मी चुकले, परत सांगा," हे वाक्य त्या दिवसातून दोनदा तरी म्हणत, त्यात काही विशेष नसे. पण त्या सोप्यात त्या जे म्हणाल्या ते इतक्या मोठ्यानं, की सगळे वळून बघायला लागले. बायकांना वाटलं, मॅडम पाहुण्यांत चुकीच्या जागी बसल्या होत्या. मला मात्र त्यांचा चेहरा दिसत होता. तो घाबरलेला होता.

त्याच दुपारी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं. सलाईन लावलं. तिनं विरोध केला नाही. मॅडम तिच्या उशाशी स्टुलावर बसल्या होत्या, इरकली साडीतच. मी पलीकडं उभी. मला वाटलं आता मॅडम काहीतरी शहाणपणाचं बोलतील. त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "तुमच्यात उपवास असतो, ते मी ऐकलं आणि तिथंच थांबले. पुढचा प्रश्न विचारायला हवा होता, तो राहिला. आता विचारते. आणि तू? तू कशासाठी धरलास?"

मुलगी छताकडं बघत होती. मग बोलली ते माझ्या अजून कानात आहे.

"त्याचं कुनी काय केलंच न्हाई मॅडम. बारसं न्हाई, सुतक न्हाई, दिवस न्हाईत. दवाखान्यातनं घरी आले तर दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीला दूध गेलं. रोजच्यासारखं. माझं दूध..." तिनं पदर तोंडावर ओढला. "कुनीतरी कायतरी करायला पायजे हुतं का न्हाई? म्हनून मी धरलं. जेवले की वाटतंय, मीबी त्याला सोडलं."

दारात आक्का उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. आत आल्या नाहीत, भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडू लागल्या. त्या का रडल्या हे नंतर कळलं. त्यांचंही पहिलं मूल असंच गेलं होतं, आणि त्यांच्याही घरी दुसऱ्या दिवशी म्हशींची धार काढलीच होती.

मॅडमनी तिला 'जेव' म्हटलं नाही. 'देवाला असं नको असतं' वगैरेही नाही. ते म्हणायला त्या कोण? त्यांनी आक्कांना आत बोलावलं आणि दोघींना मिळून विचारलं, की असल्या दुःखासाठी तुमच्यात काय बसतं, ते तुम्हीच सांगा. आक्का विचार करून म्हणाल्या, "एक वस्तू सोडायचा नियम असतोय. बाकीचं समदं खायाचं." डॉक्टरांना विचारलं, त्यांची हरकत नव्हती. मुलगी हळूच म्हणाली, "गूळ सोडू?" उसाच्या घरात गूळ सोडणं म्हणजे रोज, प्रत्येक जेवणाला आठवण. मॅडम म्हणाल्या, "आणि परत कधी खायचा?" तिनं बोटं मोजली. "त्याचे दिवस भरनार हुते तवा."

त्या संध्याकाळी आक्कांनी आणलेलं कढण ती प्याली. मी तिथंच होते. दिवस मावळायला आला होता आणि आक्कांची घाई चालली होती, कारण मावळल्यावर त्यांच्यात जेवत नाहीत. घोट घेताना ती मधेच थांबायची आणि आक्का वाटी खाली न ठेवता तशाच धरून राहायच्या. घरी आल्यावर ती बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, गेली आणि देवापुढं रीतसर नियम घेतला. ह्या खेपेला सोडायचा दिवस ठरवून.

तो दिवस दिवाळीच्या जरा आधी आला. ह्या पारण्याला पाहुणे नव्हते. घरातली माणसं आणि आम्ही दोघी. नवऱ्यानं स्वतःच्या फडातला ऊस तोडून आणला, रस काढून आणला; गुळाबरोबर तोही सुटला होता. आक्का पहिला घोट पाजायला बसल्या आणि म्हणाल्या, "त्याचं नाव ठरीवलं हुतंस का?" तिनं मान डोलावली. "मग घे." तिनं नाव घेतलं, इतक्या हळू की मला ऐकू आलं नाही, आणि ते बरंच झालं, ते तिचं होतं. मग आक्कांनीही एक नाव घेतलं. तिचा नवरा उठून गोठ्यात गेला आणि बराच वेळ आला नाही.

आम्ही निघताना आक्का मॅडमना म्हणाल्या, "आवं मॅडम, आमचं समदं इचारलंसा. तुमच्यात काय करत्यात असं कुनी गेलं तर?"

मी मॅडमकडं बघितलं. 'आधी तुमचं' म्हणायला जागा उरली नव्हती. मॅडमनी घड्याळात बघितलं, "उशीर झाला," म्हणाल्या आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं. स्कूटर सुरू व्हायला त्यांना दोन-तीन किका माराव्या लागल्या.

त्या दिवसापासून मॅडमचे प्रश्न दोन झाले. "तुमच्यात कसं असतं?" आणि लगेच, उसंत न देता, "आणि तुझं?" आम्हा सगळ्यांना त्यांनी ते घोकून घ्यायला लावलं. आम्ही कधी पहिल्यावरच थांबलो, समोरच्याच्या रीतिरिवाजांचं कौतुक करत बसलो, की मागच्या खोलीतून आवाज यायचा, "पुढचा प्रश्न!" दार बंद असलं तरी त्यांना कसं कळायचं कोण जाणे.

मग मॅडम निवृत्त होऊन वाईला गेल्या. फोनवर बोलणं व्हायचं, त्यातही त्या माझीच चौकशी करायच्या. परवाच्या माघात त्यांची थोरली बहीण गेल्याचं कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. मी भेटायला निघाले, तर माधवनगरची ती सून म्हणाली, "मीबी येते. मला न्या." ती आता आठवड्यातून एकदा आमच्याकडं येते आणि तिच्यासारखं काही झालेल्या बायकांशी बोलते. त्या तिच्यापुढं बसल्या की त्यांना जास्त सांगावं लागत नाही.

वाईला पोचलो तेव्हा दुपार कलत आली होती. घर घाटाच्या जवळ, खालच्या मजल्यावर. मॅडमनी दार उघडलं. आणखी बारीक झाल्या होत्या, पण पायात कॅनव्हासचे बूट तेच, घरातसुद्धा. आम्ही दोघी खुर्च्यांत बसलो, मॅडम समोर.

काय बोलावं ते मला सुचेना. इतकी वर्षं हेच काम करूनही सुचेना. शेवटी म्हटलं, "मॅडम, दिवस कुणी केले? तुमच्यात कसं असतं?"

"भाच्यानं केले," मॅडम म्हणाल्या. "आमच्यात बायका घाटावर जात नाहीत. भाचा चांगला आहे, पुण्याहून रजा काढून आला. सगळं यथासांग केलं. भटजी ओळखीचे. दानं झाली, भोजनं झाली. माणसं आली, गेली." त्या सगळं नीट, क्रमानं सांगत होत्या. मी मान डोलावत होते. आवाज कुठंही हलत नव्हता.

त्या थांबल्या. बाहेर घंटा वाजत होती.

"आनि तुमी, मॅडम?" शेजारून ती म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडं बघितलं. मला वाटलं आता चष्मा कपाळावर जाणार. तो जागचा हलला नाही.

"मी?" मॅडम म्हणाल्या. "मी काहीच केलं नाही अजून." मग म्हणाल्या, "सकाळी तांदूळ घेते. दोघींचे घेतले जातात. मग परत डब्यात ओतते. आणि राहूनच जातं."

आम्ही दोघींनीही 'समजलं' म्हटलं नाही.

ती उठली. कुणाला न विचारता स्वयंपाकघरात गेली. डब्यांची झाकणं उघडल्याचा आवाज आला, मग पाण्याचा, मग शेगडी पेटल्याचा. मॅडम जागच्या उठायला लागल्या, "अगं, पाहुणी तू," म्हणाल्या, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. मी हात पुढं केला नाही. पहिल्यांदाच केला नाही. त्या परत बसल्या आणि मग बहिणीबद्दल बोलू लागल्या. दोघी लहान असताना घाटाच्या पायऱ्यांवर बसून कशा भांडायच्या, बहिणीला पोहता यायचं आणि ह्यांना कधीच आलं नाही, आजारपणात ती कशी चिडायची. मी त्यांच्याबरोबर एवढी वर्षं काढली, त्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. बोलता बोलता आवाज फुटला तेव्हा त्यांनी तो फुटू दिला. मीही रडले. खूप दिवसांनी, मोकळी.

मुगाच्या कढणाचा वास आला. ती वाटी घेऊन बाहेर आली, मॅडमच्या पुढं खाली जमिनीवर बसली आणि खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या देवळाच्या शिखरावर थोडंसं ऊन शिल्लक होतं.

"दिवस मावळायच्या आत घ्या, मॅडम."

"आमच्यात तसं काही नसतं गं."

"आमच्यात असतंय," ती म्हणाली. "घ्या."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. तिनं वाटी तशीच पुढं धरली होती, खाली न ठेवता. मग मॅडमनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि तोंडाला लावली.